गणपतीच्या गर्दीत जीव घाबरा झाला तर

पुण्यात मंडई ते बेलबाग चौक, संध्याकाळची वेळ. अचानक छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, आता आपण पडणार असं वाटतं. मुंग्या बहुतेक वेळा भराभर श्वास घेतल्याने येतात, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणूनच ‘मोठे मोठे श्वास घे’ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला इथे उलटतो. लक्ष श्वास सोडण्यावर हवं. 4 आकडे मोजत नाकाने सावकाश घ्या, ओठांचा चंबू करून 6 ते 8 आकडे मोजत सोडा. तळहात पोटावर ठेवा. पोट हललं पाहिजे, खांदे उचलले जायला नकोत. तीन-चार मिनिटं तरी करा.

गर्दी चिरत मागे फिरू नका, धक्क्यांनी घाबरायला जास्त होतं. लोंढ्याबरोबर चालत तिरकं सरका आणि दुकानाच्या पायरीवर टेका. शक्य असेल तर लगेच घरी पळू नका. भीतीची लाट सहसा 10 मिनिटांत शिगेला पोचून उतरते. ती तिथेच उतरू दिली, तर पुढच्या वर्षी बाहेर पडणं सोपं जातं.

उपाशी निघू नका, दुपारनंतरचा चहा टाळा. ढोलांचा त्रास होत असेल तर इअरप्लग घाला, किंवा सरळ सकाळी लवकर दर्शन घ्या.

छातीवर दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम असेल तर भीती समजून थांबू नका, 108 लावा. रोजच धास्ती वाटत असेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचे समुपदेशक मराठीत, विनामूल्य, चोवीस तास बोलतात.