तीस पावसाळ्यांची गोधडी

तालुक्याच्या पावसाचा तक्ता गावच्या बैठकीत फिरवला, तर तो या हातातून त्या हातात जातो आणि तसाच परत येतो. तेच आकडे गोधडीत शिवले की बायामाणसं जवळ येऊन पट्ट्या मोजू लागतात. हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी २०१८ साली तापमानाचे निळे-लाल पट्टे केले, त्यात एक पट्टा म्हणजे एक वर्ष. पावसालाही तोच नियम लावायचा, फक्त वरून एक दोरा वाढवायचा.

आधी आकडे. १९९१ ते २०२० या प्रत्येक वर्षाची जून ते सप्टेंबरची बेरीज घ्या, तीही एकाच पर्जन्यमापकाची. काही वर्षं तालुक्याचा आकडा आणि काही वर्षं मंडळाचा घेतला, तर रंग मापकामुळे बदलेल, पावसामुळे नाही. तीस वर्षांची सरासरी काढून प्रत्येक वर्ष किती टक्के वर-खाली ते लिहा. समजा सरासरी ५४० मिमी आणि एका वर्षी ३७८ मिमी पडला, तर उणे ३० टक्के. नोंद नसलेलं वर्ष शून्य धरू नका, तिथे कोऱ्या मांजरपाटाची पट्टी लावा.

रंग पाच पुरतात. हवामान खात्याच्या वर्गवारीप्रमाणे १९ टक्क्यांपर्यंत वर-खाली असेल तर फिकट राखाडी. २० ते ५९ टक्के कमी असेल तर फिकट तपकिरी, तूट ६० टक्के किंवा त्याहून मोठी असेल तर गडद तपकिरी. तेवढाच जास्त असेल तर आकाशी आणि गडद निळा. लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांधळेपणा असलेल्यांना ती वेगळी दिसत नाही.

जुन्या सुती साड्या उत्तम, त्या आटून झालेल्या असतात. नवं कापड आधी धुवून घ्या आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग जातो का बघा. पट्टी अडीच इंच रुंद, ८० इंच लांब कापा. दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिवणीत गेल्यावर दोन इंच उरतात, म्हणजे तीस पट्ट्यांची ६० इंच रुंदी. इथेच बहुतेक गोधड्या बिघडतात. शिवण नुसती अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली, तरी दर जोडाला दोन्ही पट्ट्यांचं मिळून एक सूत जातं, आणि २९ जोडांत साडेतीन इंचांहून जास्त रुंदी हरवते. आधी दोन-दोन पट्ट्या जोडा, मग जोड्या एकत्र करा. एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर घाला. सगळ्या एकाच दिशेने घातल्या तर कापड धनुष्यासारखं वाकतं.

आता तो जादा दोरा. बेरीज फसवी असते. वर्ष राखाडी दिसतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस उघडला असेल तर सोयाबीन गेलेलं असतं. म्हणून रोजच्या नोंदींतून प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठा खंड काढा. २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचा दिवस कोरडा धरायचा. त्या वर्षाच्या पट्टीवर, खालच्या कडेपासून वर, पिवळ्या जाड दोऱ्याने दिवसाला एक टाका घाला. दर अर्ध्या इंचाला एक टाका, म्हणजे २१ दिवसांची रेघ साडेदहा इंच चढते. हे भरतकाम अस्तर लावण्याआधी करा. मग मध्ये जुन्या साडीचे दोन थर घालून सबंध गोधडीला पट्टीच्याच रंगाचा धावदोरा घाला. तो पिवळा घातला तर खंडाची रेघ ओळखूच येत नाही.

दर पाचव्या पट्टीखाली साल भरा. कोपऱ्यात रंगांचा अर्थ, सरासरी आणि मापक कुठल्या गावचा ते लिहा.

गोधडी पारावर किंवा समाजमंदिरात जमिनीवर अंथरा, भिंतीला टांगू नका. समजावून सांगण्याआधी प्रत्येकाला तीन चिंचोके द्या आणि आपली सर्वांत वाईट वर्षं दाखवायला सांगा. चिंचोके निळ्या पट्टीवर पडले, तर माणसं चुकली असं धरू नका. मापकाचं गाव लांब असेल किंवा ऐन काढणीत पाऊस कोसळला असेल. ते कारण तिथल्या तिथे, त्या सालासमोर वहीत लिहून घ्या.