वर्कआऊट ॲप डिझाईन करताय? आधी आवाज बनवा, स्क्रीन नंतर

गाइडेड वर्कआऊट ॲप बनवायला घेतलं की पहिल्याच दिवशी होम स्क्रीन काढायला बसतात, कार्ड, रंग, प्रोग्रेसचं वर्तुळ वगैरे. पण व्यायाम चालू असताना माणूस फोनकडे बघतच नसतो. प्लँकमध्ये नजर जमिनीवर, ब्रिज करताना छताकडे, बर्पीत तर कुठेच टिकत नाही, हात घामाने ओले आणि फोन पाच-सहा फुटांवर भिंतीला टेकवलेला. म्हणून माझं ठाम मत आहे की काम उलट्या क्रमाने करायचं.

1. फक्त आवाजावर चालणारं सेशन

कोड नको, डिझाईनचं टूल नको. 10 मिनिटांचं सेशन कागदावर लिहा, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि ज्याला हे व्यायाम फारसे माहीत नाहीत अशा कुणाला तरी फोन पालथा ठेवून, नुसतं ऐकून करायला सांगा. तो जिथे गोंधळून थांबेल किंवा तुमच्याकडे बघेल तिथे सूचना कमी पडली, ती जागा लिहून ठेवा.

सूचनेचा क्रम असा ठेवा: आधी व्यायामाचं नाव, मग उभं कसं राहायचं, मग एकच महत्त्वाची गोष्ट, आणि हे सगळं आधीच्या विश्रांतीतच सांगून झालं पाहिजे. "पुढे रिव्हर्स लंज. सरळ उभे राहा. उजवा पाय मागे." मग 3, 2, 1. एकदा सुरू झालं की नवीन काही सांगायचं नाही, फक्त दुरुस्ती, जसं "पुढचा गुडघा आत पडू देऊ नका". इथे वेळेचा हिशोब खरंच करून बघा. टबाटा नावाच्या व्यायामपद्धतीत 20 सेकंद काम, 10 सेकंद विश्रांती, अशा 8 फेऱ्या असतात, त्या 10 मधले 3 सेकंद उलट्या मोजणीत गेले की उरले 7, त्यात दम लागलेल्या माणसाला नवा व्यायाम समजावणं होत नाही. मग अशा सेशनमध्ये सगळे व्यायाम सुरुवातीलाच दाखवून घ्या, नाहीतर दोनच आलटून पालटून ठेवा.

डावं-उजवं हा सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा भाग. ट्रेनर कॅमेऱ्याकडे तोंड करून उजवा हात वर करतो तेव्हा तो बघणाऱ्याच्या डाव्या बाजूला दिसतो. व्हिडिओ आरशासारखा उलटवा आणि आवाज कायम व्यायाम करणाऱ्याच्या बाजूने बोलू दे, पूर्ण ॲपमध्ये हाच एक नियम. आणि हे शूटिंगच्या आधी ठरवा कारण उलटवल्यावर टी-शर्टवरची अक्षरंही उलटी दिसतात.

2. मग स्क्रीन

उरलेले सेकंद, आत्ताचा व्यायाम, आणि विश्रांतीत पुढचा व्यायाम, बस. हातातला फोन डोळ्यांपासून साधारण 30-35 सेंटिमीटरवर असतो, 2 मीटरवर ठेवला की अंतर सहापट, म्हणजे हातात 16 पॉइंटचं अक्षर जेवढं दिसतं तेवढंच तिथून दिसायला ते 96 च्या आसपास लागतं. त्यामुळे सेकंदांचा आकडा जवळपास पूर्ण रुंदी भरून ठेवा.

बटणांसाठी ॲपलची गाइडलाइन 44 पॉइंट आणि गुगलची 48 डीपी (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं) सांगते, पण ते कमीत कमी माप आहे, थरथरत्या ओल्या बोटाला पुरत नाही. स्क्रीनवर कुठेही टॅप केलं की पॉज झालं पाहिजे. सेशन संपवणं मात्र दाबून धरल्यावरच, कारण घामाचा थेंबसुद्धा कधीकधी टच म्हणून नोंदला जातो.

3. न दिसणाऱ्या गोष्टी

सेशनभर स्क्रीन लॉक होऊ देऊ नका. लोक स्वतःची गाणी लावतात, तेव्हा सूचनेपुरता गाण्याचा आवाज खाली घ्यायचा, गाणं बंद करायचं नाही. टायमर एकेक सेकंद मोजत न बसता संपायच्या वेळेवरून काढा, नाहीतर ॲप बॅकग्राऊंडला गेलं की तो मागे पडतो. कॉल आला तर आपोआप पॉज, आणि परतल्यावर लगेच सुरू न करता आधी छोटी उलटी मोजणी. ऑडिओ सुरुवातीलाच डाउनलोड करून ठेवा.

4. "जमत नाही" आणि "दुखतंय" वेगळे ठेवा

जमत नाही म्हटलं की त्याच क्षणी सोपा प्रकार द्या, पुशअपच्या जागी गुडघे टेकून, तेही नको तर भिंतीवर. दुखतंय म्हटलं तर सोपा प्रकार सुचवू नका, तो व्यायाम थांबवा आणि त्याच सांध्यावर भार देणारे पुढचेही काढा. अगदी पहिल्या वापरातच छातीत दुखणं, चक्कर, हृदयाचा त्रास हे साध्या शब्दांत विचारा आणि उत्तर हो आलं तर आधी डॉक्टरांना भेटा असं स्पष्ट सांगा, अटींच्या लांबलचक पानात ते लपवू नका प्लीज.

5. संपल्यावर

एकच प्रश्न: 0 ते 10 मध्ये किती जड गेलं? उत्तरानुसार पुढचं सेशन बदला, आणि बदललंय हे सांगा. अर्ध्यात सोडलं तर "अपूर्ण" न लिहिता "12 मिनिटं झाली" लिहा. रोजच्या स्ट्रीकपेक्षा (न चुकता सलग किती दिवस केलं त्या आकड्यापेक्षा) आठवड्याचं टार्गेट मला योग्य वाटतं, डब्ल्यूएचओसुद्धा मोठ्या माणसांना स्नायूंचे व्यायाम आठवड्यातून किमान 2 दिवस करायला सांगते, रोज नाही. आजारपणात एक दिवस चुकला म्हणून आकडा शून्यावर आला की माणूस ॲप उघडायचंच टाळतो.

6. टेस्टिंग

खुर्चीत बसवून टेस्ट घेऊ नका, खरा व्यायाम करायला लावा आणि धाप लागल्यानंतरचं वागणं बघा. वयस्कर माणसं घ्याच. जमिनीवरून उठून उभं राहायला त्यांना किती सेकंद लागतात ते मोजा, जमिनीवरचे व्यायाम सलग लावा, आणि झोपलेल्यातून उभं राहायची वेळ येते तिथली विश्रांती वाढवा.