जुन्या घरातले उंदीर, वाळवी आणि झुरळं घालवायची तर औषध सगळ्यात शेवटी

गावाकडं जुनं घर असलं आणि बाजूला एखादी शेड, गोठा, अवजारांची खोली असं काही असलं की उंदीर, वाळवी, झुरळं यांचा त्रास आज ना उद्या होतोच, आणि तो झाला की आपण पहिलं काय करतो तर औषध आणतो. मी पण तेच केलं होतं. माळ्यावर उंदराचं विष टाकलं, चार-पाच दिवसांनी खुडबुड थांबली, बरं वाटलं, आणि मग आतल्या खोलीत असा घाण वास सुटला की तिथं बसवेना. उंदीर भिंतीच्या पोकळीत जाऊन मेला होता, भिंत फोडल्याशिवाय काढता येईना, वास जायला तीन आठवडे लागले आणि तोवर नवे उंदीर हजर, कारण पहिले ज्या भोकातून आले ते भोक तसंच उघडं होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी बघायचं, मग ओल काढायची, मग भोकं बुजवायची, राहिलेले पकडायचे, आणि तरी गरज पडली तर औषध.

१. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि पेन्सिल घेऊन चक्कर मारा

निदान दोन तास काढा, घाई करू नका. बाहेरून जोत्यापासून सुरुवात करा: पाईप आणि वायर भिंतीत शिरतात ती जागा, दाराखालची फट, खिडकीची चौकट, छप्पर आणि भिंत जिथं भेटतात तो भाग. पेन्सिल आत जाईल एवढं भोक, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, घरातल्या लहान उंदराला पुरतं. अंगठा जाईल एवढं, म्हणजे १२-१३ मिलिमीटर, असेल तर मोठा उंदीर पण येतो. शेडसाठी एक सोपी युक्ती आहे, भर दुपारी आत जाऊन दारं-खिडक्या लावून घ्या, दोन मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, मग जिथून जिथून उजेड येतो ते प्रत्येक भोक खडूनं गोल करून ठेवा. मला पहिल्या वेळी ३१ सापडली होती, मला वाटलं होतं पाच-सहा असतील.

लेंड्या बारीक आणि टोकदार असतील तर लहान उंदीर, सेंटिमीटरपेक्षा मोठ्या असतील तर मोठा. ताजी लेंडी काळी चकचकीत आणि मऊ असते, जुनी करडी पडते आणि दाबली की भुगा होतो (हातानं नाही, काडीनं बघा). बीळ चालू आहे का हे कळत नसेल तर त्यात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. तीन-चार दिवस तो तसाच राहिला तर ते बीळ बहुतेक सोडलेलं आहे, आणि एका रात्रीत बाहेर पडला असेल तर पत्ता सापडला तुम्हाला.

लाकडाला जरा जास्त वेळ द्या. खांबाचा पाया, वाशांची भिंतीत गेलेली टोकं, चौकटीचा खालचा भाग, इथं स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर आतून गेलंय. वाळवी जमिनीतून वर चढताना पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या करते. अशी नळी दिसली की लगेच सगळी खरवडून टाकू नका, मधला बोटभर तुकडा काढा आणि आठवड्यानं परत बघा, तुकडा परत बांधलेला असेल तर वाळवी चालू आहे हे नक्की. बांधलेला नसेल तर मात्र निर्धास्त व्हायचं नाही, ती दुसऱ्या वाटेनं गेलेली असू शकते.

लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसते ते काम लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचं. पण जुन्या घरातली अशी कित्येक भोकं फार वर्षांपूर्वीची असतात, किडे कधीच उडून गेलेले, आणि लोक उगाच अख्ख्या छपराला औषध मारत बसतात. पूड झाडून घ्या, खाली काळा कागद पसरा आणि दोन-तीन आठवडे वाट बघा. कागदावर नवीन पूड पडली तरच पुढचा विचार करायचा. फक्त एक लक्षात ठेवा, हातोडा मारताना किंवा दार जोरात आपटलं तरी जुनी पूड गळते, त्यामुळं एकदाच बघून ठरवू नका.

२. ओल काढा

ही पायरी लोक सोडून देतात आणि माझ्या मते अर्धी लढाई इथंच आहे. वाळवी, बुरशी, झुरळं, लाकडातले बरेचसे किडे, सगळ्यांना ओल लागते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिला की ते कुजायला लागतं, आणि ओलं, कुजकं लाकूड वाळवीला आयतंच मिळतं. पन्हाळी साफ करा, गळती बंद करा, छपराचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी न पडता लांब जाईल असा उतार काढा. भिंतीला लागून माती किंवा शेणखताचा ढीग असेल तर हलवा. लाकडाचा खांब थेट मातीत उभा असेल तर त्याच्याखाली दगड किंवा काँक्रीटची बैठक द्या.

आणि एक चूक खूप घरांत दिसते. जुन्या दगड-मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा मारतात, दिसायला छान वाटतं, पण आतली ओल बाहेर पडायची बंद होते आणि ती मग भिंतीत घुसलेल्या वाशाच्या टोकाला जाऊन बसते. चुन्याची भिंत असेल तर दुरुस्ती चुन्यानंच करा. जोत्यातले झरोके बुजवू नका, त्यांना जाळी लावा, हवा खेळू दे.

३. अडगळ भिंतीपासून लांब

जळणाचा ढीग भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, घरापासून निदान ६ मीटर लांब आणि जमिनीपासून फूट-दीड फूट उंच. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दीडएक फूट सोडून, म्हणजे मागं जाऊन झाडता येतं. जनावरांचं, कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. रात्री खाद्य उघडं राहिलं की बाकीची सगळी मेहनत वाया जाते. छपरावर आलेल्या फांद्या छाटा आणि भिंतीलगत दोन-तीन फूट पट्टा गवत काढून खडी टाकून मोकळा ठेवा, उंदराला उघड्यावरून जायला आवडत नाही. उंदीर कमी झाले की सापांचं येणंही कमी होतं, कारण ते त्यांच्याच मागावर येतात.

४. भोकं बुजवा, पण सगळी एकदम नाही

स्प्रे फोम एकटा कामाचा नाही, उंदीर तो सहज पोखरतो. भोकात आधी स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा लोकरीसारखा पुंजका) घट्ट कोंबा आणि वरून गिलावा करा. झरोके आणि मोठ्या जागांना ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची, जस्त चढवलेली तारेची जाळी, स्क्रू आणि वॉशर लावून, नुसती खिळ्यांवर अडकवलेली जाळी थोड्या दिवसांत सुटते. दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी.

आता महत्त्वाचं. उंदीर आत असताना सगळं बंद केलं तर ते आत मरतात किंवा नवीन भोक पाडतात, म्हणून सगळ्यात वापरातलं एक भोक उघडं ठेवा, त्याच्या आजूबाजूला ट्रॅप लावा, आणि सलग आठवडाभर काही हालचाल नसेल तर ते शेवटचं बुजवा.

छपरात वटवाघळं असतील तर थांबा. ती किडे खाऊन आपलंच काम करतात, कित्येक देशांत त्यांना कायद्यानं संरक्षण आहे, आणि पिल्लांच्या काळात वाट बंद केली तर पिल्लं आत उपाशी मरतात. पिल्लं उडायला लागल्यावर, बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही अशी जाळी लावून घ्या, आणि त्याआधी तुमच्याकडचा नियम विचारा.

५. ट्रॅप

लहान उंदीर चौकस असतो, नवीन वस्तू दिसली की लगेच हुंगायला येतो, तर मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो. म्हणून मोठ्यांसाठी चाप (स्प्रिंगचा ट्रॅप) आधी न ताणता, फक्त खाणं लावून चार-पाच दिवस तसाच ठेवा, खाणं गायब व्हायला लागलं की मग ताणा. चाप भिंतीला काटकोनात, खाण्याचं टोक भिंतीकडं, कारण ते भिंतीच्या कडेनं पळतात. एक-दोन चापांनी काही होत नाही, लहान उंदरांसाठी दर दोन-तीन मीटरवर एक असे दहा-बारा एकदम लावा. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं असतात, त्यामुळं रोज एक पकडत बसलात तर तुम्ही मागंच पडणार. खाण्याऐवजी कापसाचा पुंजका बांधला तरी चालतो, बिळासाठी न्यायला बघतात. चिकट गोंदाचा बोर्ड मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका, जीव तासन्तास तडफडतो आणि पाली, पाखरंसुद्धा त्यात अडकतात.

६. साफसफाई

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ श्वासातून जाते आणि उंदरांच्या मुतातून-लेंड्यांतून गंभीर रोग होतात. बंद खोली आधी अर्धा तास उघडी ठेवा, ग्लोव्हज आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी असं द्रावण शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदानं पुसून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो.

७. औषध लागलंच तर

झुरळांना स्प्रे मारू नका, जेल वापरा, बिजागरीमागं, ओट्याखाली हरभऱ्याएवढे ठिपके. दोन्ही एकत्र वापरले तर स्प्रेच्या वासानं झुरळं जेलकडं फिरकतच नाहीत. चालू कीड असलेल्या उघड्या, कोरड्या, रंग नसलेल्या लाकडाला बोरेटचं (बोरॉनच्या क्षाराचं, लाकडात मुरणारं) द्रावण चांगलं, पण पावसात भिजणाऱ्या लाकडातून ते धुऊन जातं.

उंदराचं विष फक्त कुलूपबंद बेट बॉक्समध्ये (उंदीर आत जाऊन खातो, पण मुलं-कुत्री पोचत नाहीत असा डबा), आणि तेही अगदीच गरज पडली तर, कारण विष खाल्लेला उंदीर घुबडानं किंवा मांजरानं खाल्ला तर तेही मरू शकतात, आणि शेडमधलं एक घुबड रात्रीला तीन-चार उंदीर खातं. रक्त पातळ करणारं विष कुत्र्यानं खाल्लं तर विषाचं पाकीट घेऊन लगेच जनावरांच्या डॉक्टरकडं पळा, त्यावर व्हिटॅमिन के१ हा उतारा आहे, पण वेळेत मिळाला तर. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या (धान्याला कीड लागू नये म्हणून टाकतात त्या) मात्र घरात, घराला लागून असलेल्या खोलीत, पोत्यात, बिळात कुठंच टाकायच्या नाहीत. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू फटींमधून शेजारच्या खोलीत जातो, झोपलेल्या माणसांना मारतो, आणि त्याच्यावर उतारा नाही.

जमिनीतल्या वाळवीसाठी पायाभोवती औषध सोडायचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या, आणि विहीर किंवा बोअर कुठं आहे ते त्याला पहिल्यांदा दाखवा, तो विचारेल म्हणून थांबू नका.

बुजवलेल्या प्रत्येक भोकाची तारीख आणि जागा एका कागदावर लिहून मी शेडच्या दाराला आतून चिकटवलीय. पावसाच्या आधी एकदा, थंडीच्या आधी एकदा तोच कागद हातात घेऊन टॉर्चनं परत फिरतो, दर वेळी दोन-तीन नवीन ओळी वाढतातच.