नळाचे पाणी आणि माझे गोल्डफिश
गेल्या पावसाळ्यात ६० लिटरच्या टाकीतील निम्मे पाणी बदलल्यावर तासाभरातच गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, तेव्हा बादलीतील पाण्याला येणारा उग्र वास आपण नेहमीचाच समजून सोडून दिला होता, हे माझ्या लक्षात आले. पाणी निर्जंतुक करण्यासाठी मिसळलेला क्लोरीन आपल्याला बाधत नसला, तरी माशांचे कल्ले त्याने पोळतात. मी लगेच बाटलीवरील प्रमाणानुसार ६० लिटरसाठी लागणारे वॉटर कंडिशनर (नळाच्या पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करणारे द्रावण) टाकीत घातले आणि हवेचा पंप वाढवला; संध्याकाळपर्यंत मासे खाली उतरले.

कंडिशनरमधील सोडियम थायोसल्फेट क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतर करते. पाणी २४ तास उघडे ठेवल्यासही क्लोरीन बराचसा उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी वापरले जाणारे क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) मात्र तसे जात नाही, आणि थायोसल्फेटने ते फुटले की माशांना घातक असा अमोनिया मागे उरतो, म्हणून तेथे अमोनियावरही काम करणारे कंडिशनर लागते.

आता मी एका वेळी पाव टाकीच बदलतो आणि कंडिशनर आधी बादलीत ढवळून घेतो. फिल्टरचा स्पंजही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो, कारण नळाखाली धुतल्यास त्यातील उपयुक्त जीवाणू मरतात. ती चूक, कबूल करायला हवे, मी वर्षभर करत होतो.