मुलांच्या मापाची एअर रायफल आणि पिस्तूल: नाशिकच्या दुकानदारासाठी विक्रीची पद्धत

शाळेचा गणवेश घेताना आपण दोन बोटं मोठाच घेतो, वाढत्या अंगाचा. काउंटरवर आलेले आई-वडील रायफलही त्याच हिशेबाने मागतात: "मोठीच द्या, चार वर्षं तरी चालेल." दुकानदाराने इथेच थांबवायला हवं. मोठ्या मापाची रायफल अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती दिली की मूल मान पुढे काढतं, कंबर एका बाजूला ढकलतं, खांदा वर चढवतं. वर्षभरात ती ठेवण अंगात मुरते आणि पुढे कोचला ती मोडून काढावी लागते. मूल आज आहे त्या मापाची बंदूक बसवून द्यायची आणि वाढीसाठी खांद्याकडची पट्टी सरकवायला जागा ठेवायची, हे या विक्रीचं मुख्य काम.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळे यांना नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळालं. त्यांची सुरुवातीची वर्षं नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत गेली, हे इथल्या बऱ्याच पालकांना माहीत आहे. त्यामुळे "तीच रायफल दाखवा" अशी मागणी येते. ती .२२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास), परवान्याची रायफल आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ९प्रमाणे २१ वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक विकता येत नाही, आणि प्रशिक्षणासाठी जी सूट आहे ती फक्त वापरापुरती, तीही घालून दिलेल्या अटींवर. मुलांसाठी दुकानात दाखवायची वस्तू म्हणजे १० मीटरची ४.५ मिमी एअर रायफल किंवा एअर पिस्तूल. बोअर ४.५ मिमीपेक्षा जास्त किंवा ताकद २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर एअरगनलाही परवाना लागतो. मॅच रायफलचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे ताकद साडेसात ज्यूलच्या घरात. त्यामुळे ती मर्यादेच्या बरीच आत बसते. तरीही बिल कायम पालकाच्या नावावर करा. पालकाचं ओळखपत्र, पत्ता, बंदुकीचा क्रमांक आणि मुलाचं वय रजिस्टरमध्ये लिहा. मूल एकटं किंवा मित्रांबरोबर आलं तर माहिती द्या, बंदूक हातात देऊ नका.

आधी विचारा, मग कपाट उघडा

मूल कोणत्या प्रकारात उतरणार: ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम), पीप साइट (बारीक भोकातून नेम) की पिस्तूल? रेंजवर जायला लागून किती महिने झाले? कोच कोण आहे आणि त्यांनी काय सांगितलंय? चष्मा आहे का? कोणत्या हाताने लिहितं? रेंजवर अजून पाऊलही ठेवलं नसेल तर त्या दिवशी काही विकू नका. आधी दोन-तीन महिने क्लबच्या बंदुकीवर जाऊ दे. पहिल्याच आठवड्यात घेतलेली महागडी रायफल पुढे कपाटावर धूळ खाते, आणि तो पालक दुकानाबद्दल काही चांगलं बोलत नाही.

नंतर डोळा तपासा. मुलाला दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये रुपयाएवढी फट ठेवायला सांगा आणि तिच्यातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दोन्ही डोळ्यांनी पाहायला सांगा. मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने घड्याळ फटीतून हलत नाही, तो प्रभावी डोळा. उजव्या हाताचं पण डाव्या डोळ्याचं मूल अधूनमधून येतंच. अशा वेळी निर्णय कोचकडे सोपवा आणि दोन्ही बाजूंना चालणाऱ्या स्टॉकचं (खांद्याला आणि गालाला टेकणारा दांडा) मॉडेल दाखवा. नुसत्या उजव्या ग्रिपची (हाताच्या मुठीची) बंदूक विकून मोकळे होऊ नका.

रायफल अंगाला बसवणे

सगळ्यात आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, मुलासमोर आणि पालकांसमोर, मोठ्याने सांगून. नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घाला. तोंड कायम भिंतीकडे. मुलाला नेमबाजीचं जॅकेट घालूनच उभं करा, कारण जॅकेटच्या जाडीने लांबीचं माप बदलतं. शर्टवर बसवलेली रायफल रेंजवर लांब वाटते ती यामुळेच.

पहिलं माप लांबीचं. कोपर काटकोनात वाकवून कोपराच्या आतल्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मांसल भागापर्यंत टेप लावा. बट प्लेटपासून (खांद्याला टेकणारी मागची पट्टी) ट्रिगरपर्यंतचं अंतर त्याच्या जवळपास किंवा थोडं कमी ठेवा. ज्युनिअर स्टॉकमध्ये बट प्लेट आत-बाहेर सरकते. सर्वात आतल्या खुणेवर माप जुळत असेल तरच ती बंदूक मुलाची. सर्वात आत घेऊनही दोन सेंटीमीटर लांब राहत असेल तर ते मॉडेल परत कपाटात ठेवा, कितीही भारी असलं तरी.

दुसरं चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग. मुलाला डोळे मिटून, मान सरळ ठेवून गाल टेकवायला सांगा. गाल स्थिरावला की डोळे उघडू द्या. मागच्या साइटच्या भोकातून नळीच्या टोकावरची रिंग मधोमध दिसली पाहिजे. रिंगचा खालचा भाग कापला जात असेल तर गाल खाली आहे, चीक पीस वर घ्या. वरचा भाग कापला जात असेल तर उलट. चीक पीस शेवटच्या खुणेपर्यंत नेऊनही मुलाला मान वाकवावी लागत असेल, तर साइटखाली रायझर ब्लॉक (उंची वाढवणारा ठोकळा) घालून साइटच उंच करा. मान खाली घालून नेम धरणारं मूल दहा मिनिटांत थकतं, शिवाय डोळा भुवईच्या कडेतून पाहू लागतो आणि ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) उभा पसरतो.

तिसरा डावा हात. उभं राहून मारताना कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे. लहान मुलांचे हात आखूड, त्यामुळे कोपर टेकलं की रायफल डोळ्याच्या खाली राहते. मग मूल कोपर उचलतं आणि सगळं वजन दंडाच्या स्नायूंवर येतं. तळहात आणि रायफल यांच्यामध्ये हँड रेस्ट किंवा पाम रायझर (उंची वाढवणारा ठोकळा) लावा आणि तो थोडा थोडा वाढवत चला, कोपर टेकूनही नळी लक्ष्याच्या उंचीला येईपर्यंत. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात १० मीटरवर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. दुकानातल्या भिंतीवर त्या उंचीला एक काळा ठिपका चिकटवून ठेवा. मूल त्याच्यावर नेम धरून उभं राहिलं की सगळ्या चुका दिसतात.

चौथं वजन. नियमाची कमाल मर्यादा साडेपाच किलो, पण ती मोठ्यांसाठीही गाठायची नसते. मुलाला रायफल एक मिनिट धरायला सांगा आणि फक्त खांद्यांकडे बघा. खांदे वर चढले, कंबर पुढे गेली किंवा कोपर सुटलं की आधी नळीवरची वजनं काढा. तोल डाव्या हाताच्या थोडा पुढे हवा, नळीच्या टोकाला नको. वजनं काढूनही जमत नसेल तर हवेच्या छोट्या सिलिंडरचं ज्युनिअर मॉडेल दाखवा. "हात तयार होतील" असं म्हणून जड बंदूक गळ्यात मारू नका. या वयात आधी पाठ दुखते.

समोरची रिंग बदलता येते. नवशिक्याला मोठी द्या, ४ मिमीच्या आसपासची. लहान रिंगमध्ये काळ्या वर्तुळाभोवती पांढरं फार कमी उरतं, मग मूल प्रत्येक हेलकाव्याला घाबरून ट्रिगर खेचतं.

ओपन साइटच्या स्प्रिंग बंदुकीत वेगळा धोका आहे. नळी मोडून कॉक करताना, म्हणजे स्प्रिंग दाबून बसवताना, ताकद लागते. लहान मुलाच्या हातून नळी सुटली तर ती झटक्याने बंद होते आणि छर्रा भरणारी बोटं मध्ये सापडतात. छर्रा भरेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, हे विक्रीच्या वेळी पालकालाच करून दाखवायला लावा. मुलाला नळी मोडायला दोन्ही हातांनी लोंबकळावं लागत असेल तर ती बंदूक त्याची नाही. स्प्रिंग बंदूक छर्ऱ्याशिवाय उडवू नये, कारण पिस्टन हवेची उशी न मिळता थेट आपटतो आणि सील फाटतं.

पिस्तूल

पिस्तुलात सगळा खेळ ग्रिपचा. कारखान्याच्या ग्रिप एस, एम, एल अशा मापात येतात. मुलांना बहुतेक वेळा एस किंवा त्याहून लहान लागते. ग्रिप धरल्यावर तर्जनी लाकडाला न घासता ट्रिगरवर काटकोनात आली पाहिजे. तळव्याखालची फळी घट्ट आवळायची नसते, तळवा तिच्यावर नुसता टेकवायचा. मोठी ग्रिप कानशीने घासून लहान करता येते, पण एकदा काढलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून पालकांना सांगा की ग्रिप कोचसमोरच घासायची, एका बैठकीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. मोरिनी, पार्डिनी या पिस्तूल बनवणाऱ्या कंपन्यांची आखूड किंवा ज्युनिअर मॉडेलं हलकी असतात, पुढे वजन कमी असल्याने मुलाचं मनगट पडत नाही. ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम असावंच लागतं. पिस्तूल देण्याआधी चाचणीचं वजन लावून ते दाखवा, नाहीतर पहिल्याच स्पर्धेत तपासणी टेबलवरून मूल रडत परत येतं.

हवा

पीसीपी बंदूक (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) साधारण २०० बार दाबापर्यंत भरतात. सिलिंडरवर जो आकडा कोरलाय तीच मर्यादा. मोठ्या ३०० बारच्या टाकीवरून भरताना व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा. पटकन भरलं की सिलिंडर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो. मग लोक "गळतोय" म्हणून परत आणतात. खरी गळती ओळखायची असेल तर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी काटा बघा. प्रत्येक सिलिंडरवर उत्पादनाचं वर्ष असतं. स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही, म्हणून जुना माल विकताना ते वर्ष आधी वाचा आणि बिलावर लिहा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो, म्हणून कुणीतरी "तोच भरू या" म्हणतं. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचं ग्रीस एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. फक्त कोरडी, श्वसनाच्या प्रतीची हवा. हातपंपाने भरणाऱ्यांनी मधेमधे थांबून पंप गार होऊ द्यायचा आणि ड्रेनचा स्क्रू उघडून पाणी काढायचं. पावसाळ्यात हे टाळलं की सिलिंडरच्या आत ओल साचते आणि रेग्युलेटर (हवेचा दाब नियंत्रित करणारा भाग) अडकतो.

छर्रे, जॅकेट आणि बाकीचं

मॅचसाठी चपट्या तोंडाचे छर्रे, एका डब्यात ५००. आठवड्याला सहा दिवस, रोज ऐंशी शॉट धरले तर ४८०, म्हणजे आठवड्याला एक डबा. हा हिशेब पालकांसमोर कागदावर मांडा. बंदुकीची किंमत सगळे विचारतात, वर्षाच्या पन्नास डब्यांची कुणी विचारत नाही, आणि सराव तिथेच बंद पडतो. नवशिक्याला महागडे निवडक छर्रे नकोत. एका मध्यम प्रतीच्या ब्रँडचे सातत्याने वापरू द्या. छर्रे शिशाचे असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय टिफिन उघडायचा नाही, छर्ऱ्यांच्या डब्याला आणि टिफिनला एक पिशवी नको.

जॅकेटबाबत मात्र पालकांच्या "वाढत्या अंगा"ला थोडी जागा देता येते, पण लांबीत, घेरात नाही. छातीला सैल जॅकेटला घड्या पडतात आणि रायफलचा बट प्रत्येक शॉटला वेगळ्या जागी बसतो. बटणं सरकवता येतील असं शिवून घ्या. कापडाची जाडी एका पदरी २.५ मिमीच्या आत हवी, हे शिवणाऱ्याला लेखी द्या. पहिल्या सहा महिन्यांत जॅकेट, हातमोजा आणि बूट पुरे. ट्राउझर नंतर.

घरी बंदूक कुलपाच्या पेटीत, छर्रे वेगळ्या कपाटात. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेल ठेवा आणि रेंजवरून भिजून आलेली बंदूक बाहेरून पुसून, हलकं तेल लावून मगच बंद करा. पीसीपीच्या नळीत आतून साधं तेल ओतायचं नाही.

नाही म्हणायची गिऱ्हाइकं

निफाड, दिंडोरीकडून द्राक्षबागायतदार येतात आणि "पोरासाठी" म्हणत पोपट हाकलायला एअरगन मागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२प्रमाणे पोपट मारणं गुन्हा आहे, आणि बागेत मजूर असताना मुलाच्या हाती बंदूक देणं त्याहून घातक. त्यांना पक्ष्यांची जाळी आणि चमकत्या फिती सुचवा. हे गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

विकलेल्या प्रत्येक बंदुकीबरोबर एक कार्ड द्या: बट प्लेटची खूण, चीक पीसची उंची, हँड रेस्टची उंची, रिंगचा आकार, मुलाची उंची आणि तारीख. सहा महिन्यांनी मुलाला बोलवा, उंची पुन्हा मोजा आणि पट्टी सरकवा. त्याचे पैसे घेऊ नका. ज्युनिअर स्टॉक शेवटच्या खुणेवर आला की परत घेण्याची सोय ठेवा. परत घेताना सिलिंडरचं वर्ष, नळीच्या तोंडाची कड, ट्रिगरचे स्क्रू आणि बट प्लेटच्या चुरगळलेल्या ॲलन बोल्टकडे बघा. चुकीच्या मापाची किल्ली वापरून त्यांची षटकोनी खाच गोल झालेली असते. मग नवीन बोल्ट घालून तीच बंदूक पुढच्या मुलाला निम्म्या दरात बसवून द्या.