छोट्या सायकलिंग स्टुडिओसाठी ट्रेनर घेताय? आधी हे बघा

पुण्यात बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. ट्रेनर म्हणजे माणूस नाही, सायकल बसवून जागेवरच पेडल मारायचं यंत्र. सहा-आठ ट्रेनरचा स्टुडिओ असेल तर पहिला प्रश्न ब्रँडचा नाहीच, लोक स्वतःची सायकल आणणार का हा आहे. आणणार असतील तर डायरेक्ट ड्राइव्ह भारी, मागचं चाक काढायचं आणि सायकल थेट ट्रेनरवर, आवाज कमी, टायर झिजत नाही आणि पॉवरचं (किती वॅट लावताय त्याचं) रीडिंग साधारण १ ते २ टक्क्यांत बरोबर येतं. पण घोळ इथेच होतो, कारण कुणाची सायकल ८ स्पीड (मागे ८ गिअर), कुणाची ११, कुणाची १२, आणि ट्रेनरवरची कॅसेट (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) एकच! शिवाय चाक अडकवायला जुन्या सायकलींना क्विक रिलीज (लिव्हरने सैल होणारा बारीक दांडा), नव्या डिस्क ब्रेकवाल्यांना १४२ बाय १२ मिलिमीटरचा थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा), त्यामुळे दोन्हीचे ॲडॉप्टर हाताशी ठेवाच.

व्हील-ऑन, म्हणजे मागचं चाक न काढता रोलरवर टेकवायचा ट्रेनर, स्वस्त पडतो, त्यात कॅसेटची कटकट नाही, फक्त प्रत्येक वेळी टायरची हवा आणि रोलरचा दाब सारखा ठेवा नाहीतर आकडे भरकटतात, रोज तीन बॅच असतील तर मी तरी घेणार नाही.

ट्रेनरला एएनटी प्लस (एकाच वेळी अनेक डिव्हाइसना आकडे बिनतारी पाठवायची सोय) आहे का नक्की बघा, ब्लूटूथवर बऱ्याचदा एका वेळी एकच डिव्हाइस जोडलं जातं, आणि मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांचे वॅट दाखवायचे असतील तर अडकाल.

खाली कुणी राहत असेल तर जाड रबर मॅट हवीच, आणि पंखे, प्रत्येकाला वेगळा, एसी असला तरी.