चाळिशीनंतरची लिव्हर-ॲक्शन रायफल : नेमासाठी काय निवडावे

विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ अशी लिव्हर-ॲक्शन रायफल (चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरायची) खांद्याला लावून नेम धरताना तीन वस्तू एका रेषेत आणाव्या लागतात : नळीवर बसवलेली मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि पलीकडचे लक्ष्य. खाच डोळ्यापासून साधारण हातभर अंतरावर असते, माशी जेमतेम मीटरभर आणि हरिण शंभर यार्डांवर. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावू शकतो, पण तरुणपणी त्यातले भिंग इतके लवचीक असते की तो या तिन्हींवरून क्षणात फिरतो आणि तीनही गोष्टी एकाच वेळी स्वच्छ दिसत असल्याचा आपला समज होतो. चाळिशी लागते तेव्हा हे भिंग ताठर होऊ लागते. आधी खाच पुसट होते, मग तिच्या कडा दुहेरी दिसू लागतात, आणि साठीच्या आसपास माशीसुद्धा एका धूसर ठिपक्याएवढीच उरते. वर्तमानपत्र लांब धरून वाचता येते, रायफलची खाच मात्र लांब धरता येत नाही.

मी अनेक वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो आणि इथल्या जंगलात हरणांच्या हंगामात थर्टी-थर्टी काडतुसाची रायफल घेऊन जातो. माझ्या वयाच्या मराठी मित्रांपैकी काहींनी अमेरिकेत आल्यावर हा छंद धरला. ‘आता दिसत नाही, स्कोप (रायफलवर बसणारी नेमाची दुर्बीण) लावावा काय?’ हा प्रश्न ते वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी स्वतः पहिल्यांदा घाई केली होती. पन्नास मिलिमीटर भिंगाचा तीन ते नऊ पटींचा स्कोप एका सडपातळ कार्बाइनवर चढवला आणि दोन हंगाम तिचे ओझे वाहिले. हातात तोलून सहज नेता येणारी, खांद्याला लावताच रोखली जाणारी ती रायफल त्या स्कोपमुळे पार बेढब झाली. माझ्या डोळ्यांना त्याची गरजच नव्हती, हे नंतर कळले.

म्हणून खरेदीपूर्वी डोळ्यांत नेमके काय बिघडले आहे ते ओळखावे. घरच्या घरी करता येईल अशी एक सोपी परीक्षा आहे. जाड कार्डाला साधारण दीड-दोन मिलिमीटरचे स्वच्छ भोक पाडावे. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून आणि नळी सुरक्षित दिशेला वळवून नेहमीसारखा पवित्रा घ्यावा व दूरच्या चष्म्यापुढे धरलेल्या त्या भोकातून माशीकडे पाहावे. माशी आणि पलीकडचे लक्ष्य दोन्ही एकदम रेखीव झाले, तर दोष केवळ जवळच्या नजरेचा आहे आणि त्यावर उपाय सोपा व स्वस्त आहे. भोकातूनही चित्र धुरकटच राहिले, दिव्यांभोवती वलये दिसत असली किंवा रंग पिवळट वाटत असले, तर प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी, कारण धूसर झालेल्या भिंगातून जगातला कोणताही स्कोप स्वच्छ दिसणार नाही. चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर किती आहे, तेही त्याच भेटीत विचारून लिहून ठेवावे. पुढे रेड डॉटचा, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमसाधनाचा, विचार करताना तो आकडा कामी येतो.

चष्म्याविषयी दोन गोष्टी आधीच सांगतो. दस्त्यावर गाल टेकवून मान पुढे झुकवली की नजर चष्म्याच्या मध्यातून न जाता वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. प्रोग्रेसिव्ह काचांचा नेमका तोच भाग कडेचा असल्यामुळे तेथे प्रतिमा वाकडी होते. नेमबाजीसाठी एकाच नंबरचा, पॉलिकार्बोनेट काचांचा वेगळा चष्मा असावा. ज्यांना उघडी खाच-माशीच ठेवायची आहे, त्यांनी नेमाच्या डोळ्याच्या दूरच्या नंबरात अर्धा ते पाऊण डायॉप्टर अधिक घालून पाहावा. एवढ्याने माशी बरीच रेखीव होते आणि लक्ष्य किंचितच मऊ पडते. पूर्ण एक डायॉप्टर घातला तर माशी अगदी धारदार दिसेल, पण हरिण आणि झुडूप यांतला फरक पुसला जाईल, आणि शिकारीत असे कधीही होऊ देऊ नये. दवाखान्यात रायफल नेण्याची गरज नाही. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर घरी मोजून, तेवढ्या लांबीची काठी सोबत नेली की काम भागते.

आता ज्या उपायावर माझा सर्वाधिक विश्वास आहे त्याकडे वळतो. तो आहे पीप साइट, म्हणजे मागच्या खाचेऐवजी एक गोल छिद्र. विल्यम लायमन यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस टँगवर (रायफलच्या यंत्रणेमागे दस्त्यावर येणाऱ्या पट्टीवर) बसणारी आपली पीप साइट आणली, म्हणजे विंचेस्टर ९४ जन्माला येण्याआधीपासून हा उपाय उपलब्ध आहे. यात छिद्राकडे पाहायचे नसते, छिद्रातून पाहायचे असते. डोळा माशी आपोआप त्या वर्तुळाच्या मध्यावर आणतो, आणि तीन वस्तूंपैकी एक वस्तू डोळ्याच्या कामातून कायमची वजा होते. शिवाय कार्डाच्या भोकाने जे केले तेच हे छिद्रही करते : कडेचे विखुरलेले किरण अडवून जवळचे आणि दूरचे दोन्ही अधिक रेखीव करते. छिद्र डोळ्याच्या जवळ असल्याने ते आणि माशी यांच्यातले अंतरही वाढते, त्यामुळे नेमातली तीच चूक लक्ष्यावर कमी फरक पाडते.

छिद्र किती मोठे असावे यावर मात्र नीट विचार करावा लागतो. कागदी लक्ष्यावर भर दिवसा एक ते सव्वा मिलिमीटरचे छिद्र फार सुंदर चित्र देते, पण तेच संध्याकाळच्या जंगलात काळोख करते. शिकारीसाठी अडीच-तीन मिलिमीटर, आणि दाट झाडीत किंवा सांजावताना पाच मिलिमीटरच्या आसपासचे ज्याला घोस्ट रिंग म्हणतात ते बरे. विल्यम्स, स्किनर आणि एक्सएस या उत्पादकांच्या पीप साइट येथे सहज मिळतात, आणि ज्यांत छिद्राची चकती स्क्रूने काढता-घालता येते त्या घेतल्यास एकाच साइटवर दोन्ही कामे होतात. पुष्कळ जुने शिकारी ती चकती काढून खिशात ठेवतात आणि उरलेल्या मोठ्या भोकातूनच नेम धरतात. नवख्याला ते भोंगळ वाटते, पण पन्नास-साठ यार्डांवर हरणासाठी ते पुरेसे असते.

टँगवर बसवावी की रिसीव्हरवर (यंत्रणा ज्यात असते त्या मधल्या धातूच्या भागावर), हा पुढचा प्रश्न. टँगची साइट डोळ्याला फार जवळ असते, त्यामुळे वर्तुळ मोठे आणि चित्र उजळ दिसते, पण जोरदार धक्क्याच्या फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टी काडतुसाच्या रायफलवर ती भुवईत रुतण्याची भीती असते. तशा रायफलवर मी रिसीव्हरचीच साइट सुचवीन. हलक्या काडतुसांच्या रायफलवर आणि काउबॉय स्पर्धांसाठी टँगची साइट आनंददायक आहे. एसएएसएस या काउबॉय नेमबाजांच्या संघटनेच्या सामन्यांत रायफलवर काचेचे कोणतेही साधन चालत नाही; स्पर्धेत उतरायचे असेल तर काही विकत घेण्याआधी तिची नियमावली वाचावी.

पीप बसवल्यावर बहुधा माशीही बदलावी लागते, कारण छिद्र जुन्या खाचेपेक्षा उंच बसते आणि गोळ्या वर लागू लागतात. किती उंच माशी घ्यावी, याचा हिशेब सरळ आहे : गोळी जितके इंच वर लागते त्याला छिद्र-माशीमधल्या अंतराने गुणावे आणि लक्ष्याच्या अंतराने भागावे, सर्व मापे इंचांत घेऊन. समजा शंभर यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर, गोळ्या ६ इंच वर लागत आहेत आणि छिद्र-माशी अंतर २५ इंच आहे. सहा गुणिले पंचवीस म्हणजे १५०, भागिले ३,६०० म्हणजे सुमारे ०.०४ इंच, साधारण एक मिलिमीटर. तेवढी अधिक उंच माशी घेतली की झाले. माशीचा आकार निवडताना मी चपट्या माथ्याच्या, पांढरी उभी रेघ असलेल्या पात्याला पहिली पसंती देतो. जुनी पितळी गोल माशी देखणी असते, पण बाजूने ऊन पडले की तिची उजळलेली कडाच मध्य वाटू लागते आणि नेम उन्हाच्या विरुद्ध बाजूला सरकतो. फायबर ऑप्टिकची माशी वृद्ध डोळ्याला लवकर सापडते, हा तिचा खरा गुण आहे. मात्र तिचा ठिपका लहानात लहान घ्यावा.

स्कोप कधी घ्यावा? भोकाच्या परीक्षेत चित्र सुधारले तरी सांजवेळी लक्ष्यच ओळखू येत नसेल तेव्हा. पुष्कळ राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार कायदेशीर असते आणि हरिण नेमके त्याच वेळी बाहेर पडते. पण पटींचा मोह आवरावा. लिव्हर-ॲक्शनच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात, एकाचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकते, म्हणून तिच्यात टोकदार कठीण गोळ्या घालत नाहीत. चपट्या गोळ्यांचा वेग हवेत लवकर घटतो, आणि थर्टी-थर्टीचा व्यवहारातला पल्ला दीडशे-दोनशे यार्डांपलीकडे फारसा जात नाही. त्यासाठी अडीच किंवा चार पटींचा स्थिर स्कोप, अथवा दीड ते चार-पाच पटींचा बदलता स्कोप भरपूर झाला.

भिंगाच्या आकाराचेही तसेच आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या शलाकेची जाडी मिळते. चार पटींच्या ३२ मिलिमीटर स्कोपमध्ये ती ८ मिलिमीटर असते. तरुण बाहुली अंधारात साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, पण साठीनंतर ती बहुधा ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. म्हणजे कमी पटींच्या लहान स्कोपमधूनच आपला डोळा घेऊ शकेल त्याहून जास्त प्रकाश येत असतो, आणि मोठ्या भिंगाने वजन व उंची यांखेरीज काहीच वाढत नाही. उंची वाढली की गाल दस्त्यावरून सुटतो आणि प्रत्येक वेळी डोळ्याची जागा बदलते. लिव्हर-ॲक्शनचा दस्ता उघड्या खाचेच्या उंचीला घडवलेला असतो. म्हणून रिंगा शक्य तितक्या बुटक्या घ्याव्यात आणि तरीही गाल टेकत नसेल तर दस्त्यावर दोरीने बांधायची चामड्याची गादी लावावी.

रायफल कोणती आहे यावरही हे अवलंबून आहे. मार्लिनमधून रिकामे काडतूस बाजूने बाहेर पडते, त्यामुळे स्कोप थेट वर बसतो. जुन्या विंचेस्टर ९४ मधून ते सरळ वर उडते, म्हणून तिच्या माथ्यावर स्कोप बसवताच येत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आलेल्या तिरक्या उत्सर्जनाच्या ९४ ला ही अडचण नाही. जुन्या ९४ साठी नळीवर पुढे बसणारा, डोळ्यापासून नऊ-दहा इंचांवरून पाहायचा स्काउट स्कोप हा एक मार्ग आहे, परंतु पाठीमागे मावळतीचे ऊन असले की त्याच्या मागच्या भिंगावर चमक येते. १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरला मात्र कोणीही नवी भोके पाडू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संग्राहकांच्या लेखी तिचे मोल लगेच उतरते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक मूळ रूपातली वस्तू कायमची नष्ट होते. तिला आधीच असलेल्या भोकांत बसणारी पीप शोधावी.

स्कोप बसवल्यावर घोड्यापर्यंत (हॅमरपर्यंत) अंगठा नीट पोहोचत नाही आणि अर्धवट ओढलेला घोडा निसटू शकतो. त्यासाठी घोड्याला बाजूने लावायचा लहानसा विस्तार मिळतो. तो लावल्याशिवाय रायफल भरूच नये. फॉर्टीफाइव्ह-सेव्हन्टीवर डोळा आणि स्कोप यांत किमान साडेतीन-चार इंच अंतर राखावे. आयपीसची कडी फिरवून आतल्या रेषा धारदार करून घ्याव्यात, आणि ते करताना शिकारीचाच चष्मा घालून मोकळ्या आकाशाकडे क्षणभरच पाहत जावे, कारण टक लावल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो.

रेड डॉटमध्ये ठिपका दूरवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे चाळिशीची अडचण उरत नाही आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन नेम धरता येतो. सिलिंड्रिकल नंबर बराच असेल आणि चष्म्याने तो पूर्ण दुरुस्त झालेला नसेल, तर मात्र ठिपका स्वल्पविरामासारखा किंवा फुटलेल्या द्राक्षासारखा दिसतो. दोष उपकरणाचा की डोळ्याचा, हे दुकानातच कळते : मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास ठिपका गोल दिसत असेल तर दोष डोळ्याचा. अशांनी काचेवर रेषा कोरलेला प्रिझम स्कोप घ्यावा, कारण त्याला आयपीसचा नंबर जुळवता येतो. ठिपका दोन-तीन एमओएचा असावा; एक एमओए (हे कोनाचे माप) म्हणजे शंभर यार्डांवर सुमारे एक इंच.

काहीही निवडले तरी लक्ष्य कोणते आहे हे दुर्बिणीनेच आधी पाहावे. रायफलवरच्या स्कोपमधून माणूस आहे की हरिण हे शोधणे म्हणजे भरलेली नळी माणसावर रोखणे होय. नेम जुळवताना प्रथम पंचवीस यार्डांवर कागद लावावा, मग शंभरावर जावे. मी थर्टी-थर्टी तेथे दीड-दोन इंच वर ठेवतो. टेकू लावून तीन-तीन गोळ्यांचे गट झाडावेत, प्रत्येक गटानंतरच स्क्रू फिरवावा, आणि हे सगळे एकदा दुपारी व एकदा सूर्य मावळताना, त्याच चष्म्याने करावे. दुपारचा गट दोन इंचांचा आणि सांजेचा सहा इंचांचा आला, तर त्या संध्याकाळी किती यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही, हे आपल्याला कागदावरून कळलेले असते. तो आकडा मी दर हंगामापूर्वी पुन्हा काढतो आणि काडतुसांच्या डबीच्या झाकणावर तारखेसह लिहून ठेवतो.